बल्खचा खान, समरकंदचा निजाम आणि आमच्या वहिनी

“गुरुजी, तालुक्याले नवा साहेब आला म्हन्तेत. याही खेपी बाहेरचाच!”

तुराट्यांच्या कुंपणापलीकडून पहिली बातमी आली. आमच्या शेजारच्या वहिनींच्या हातात सूप असलं की बातम्या आपोआप पाखडल्या जातात. सुपात मूग आहेत की उडीद, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

“बाहेरचा म्हणजे कुठला?”

“कुठला का असेना, आपल्या जिल्ह्यातला नाई. मी म्हन्ते, आपल्याकडं कोनी शिकलंच नाई का? मोठ्या खुर्चीवर दरखेपी बाहेरचाच काऊन बसते?”

“वहिनी, याचं उत्तर आपल्या साखरखेर्ड्याच्या शिवारातच आहे. १७२४ च्या ऑक्टोबरात दोन मोठे साहेब एका खुर्चीसाठी इथं भिडले. एक जन्मानं बल्खचा, दुसऱ्याचं घराणं समरकंदाकडचं. दोघांतला एकही वऱ्हाडी नाही.”

“ते नवाबाची लढाई? ऐकली हाये. पन कोनाची कोनाशी, हे आजवर कोनी नीट सांगितलं नाई. सांगा बरं. मूग लय हायेत.”

मूग भरपूर आहेत म्हणजे वेळही भरपूर आहे. मी कुंपणाला टेकलो, पण बेतानं, कारण तुराट्या मागच्या सालच्या होत्या.

“त्या बल्खवाल्याचं नाव ख्वाजा मुहंमद. पुढं मोठा झाल्यावर मुबारिजखान. बल्ख म्हणजे आजच्या अफगाणिस्तानचा उत्तर भाग, मझार-ए-शरीफच्या जवळ. हा अगदी लहान असताना त्याची आई त्याला घेऊन तिथून हिंदुस्थानात आली.”

“एकटी? बाप?”

“बापाचं मला माहीत नाही. आईचं मात्र लिहून ठेवलेलं आहे. पंजाबात गुजरात नावाचं गाव आहे, तिथं शाहदौला नावाचे पीर होते. त्यांच्या पायावर तिनं पोराला घातलं.”

“पाहा! कुठून कुठं आली बापा ते बाई! अन् नाव लागलं खानाचं.”

“पुढं आणखी एक बाई आहे. हा पोरगा मोठा झाला, चाकरीला लागला आणि इनायतुल्लाखान काश्मिरीचा जावई झाला. हा इनायतुल्ला औरंगजेबाच्या अगदी जवळचा चिटणीस. आणि तो तिथवर कसा पोचला? त्याची आई हाफिजा मरियम ही औरंगजेबाच्या लेकीची, झेबुन्निसाची, शिक्षिका होती.”

वहिनींनी सूप खाली ठेवलं. सूप खाली ठेवलं म्हणजे विषय मनावर घेतला.

“म्हंजे असं पाहा. सासऱ्याले त्याच्या मायनं वर आनलं, जावयाले त्याच्या मायनं इथं आनलं. सासऱ्यानं जावयाले खुर्ची देली. अन् लोकं म्हनतीन, खान मोठा कर्तबगार!”

“कर्तबगारही होताच. हैदराबादचा सुभा त्यानं अकरा-बारा वर्षं सांभाळला. बादशहा बदलत गेले, दिल्लीत वजीर कापले गेले, हा मात्र जागचा हलला नाही.”

“अन् हे सारं तुमाले कोनं सांगितलं?”

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, “औरंगाबादला शाहनवाजखान नावाचा एक दिवाण होता. कधीकाळी वऱ्हाडचीही दिवाणी त्यानं केली होती. त्यानं ‘मआसिर-उल-उमरा’ नावाचा फारसी ग्रंथ लिहिला. मोगलाईतल्या शेकडो सरदारांच्या हकिगती त्यात आहेत. कोण कुठला, कोणाचा जावई, कोणावर बादशहाची मर्जी, कोणावर खप्पा.”

“म्हंजे त्याचंही एक कुंपन होतं.”

“होतं. आणि तोही मूळचा इकडचा नव्हेच, घराणं इराणातल्या खाफचं. १७५८ साली औरंगाबादेतच त्याचा खून झाला, घर लुटलं गेलं. लिहिलेले कागद इकडंतिकडं झाले. आझाद बिलग्रामी या त्याच्या मित्रानं ते शोधून गोळा केले, म्हणून आज आपण दोघं इथं मुबारिजखानाच्या आईबद्दल बोलतोय.”

“असा मित्र पाह्यजे. बरं, दुसरा साहेब?”

“दुसरा निजाम-उल-मुल्क. मीर कमरुद्दीन. हा जन्मला आग्र्याला, १६७१ साली, पण आजोबा समरकंदाकडून आलेले. म्हणजे बघा, अमू दर्या नावाची नदी आहे. तिच्या अलीकडं बल्ख, पलीकडं समरकंद, बुखारा. दिल्लीच्या दरबारात या सगळ्यांना मिळून तुराणी म्हणायचे. इराणातून आलेले ते इराणी. या दोन गटांची रस्सीखेच कायमची.”

“अन् आपले देशी?”

“राजपूत होते, शेख होते, मराठेही होते. पण बादशहाला परदेशी माणूस बरा वाटायचा. कारण साधं आहे. ज्याची इथं वतनवाडी नाही, भाऊबंद नाहीत, त्याच्या मागं गाव उठत नाही. त्याचा सगळा भार तख्तावर. आज हैदराबाद, उद्या अहमदाबाद, परवा काबूल. हुकूम आला की निघायचं.”

“हं. म्हनून बाहेरचा.”

“म्हणून बाहेरचा. आणि असल्या माणसाला मोठेपणाही तसाच मिळवावा लागायचा. निजामाच्या आजोबाचं ऐका. १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्यानं त्याचा हात गेला. हकीम हाडाचे तुकडे वेचून काढत होते आणि हा गडी बसून गप्पा मारत कॉफी पीत होता म्हणतात. दोन-तीन दिवसांत गेला.”

“आमच्या यायच्या बोटाले काटा लागला तरी गल्ली गोळा होते,” वहिनी यजमानांच्या खोलीकडं नजर टाकून म्हणाल्या. “बापाचं काय?”

“बाप गाजीउद्दीनखान फिरोजजंग. विजापूरकडं प्लेगसारखी साथ आली त्यात त्याचे डोळे गेले. तरी औरंगजेबानं त्याला काढलं नाही. आंधळेपणी फौज चालवली, आणि वऱ्हाडचा सुभाही याच माणसाकडं होता, एलिचपूरला. म्हणजे आपल्या अचलपूरला.”

“मंग याले बाहेरचा कसा म्हन्ता? तीन पिढ्या झाल्या!”

हा मुद्दा मी वर्गात बरीच वर्षं इतिहास शिकवताना कधी मांडला नव्हता. मुबारिजखान लहानपणी आला आणि हैदराबादेत घरोबा करून बसला. निजाम तर इथंच जन्मला. तरी दिल्लीच्या वहीत दोघांच्या नावापुढं तुराणीच.

“आता भांडण ऐका,” मी म्हणालो. “दिल्लीत मुहंमदशहा बादशहा होता.”

“रंगीला? तो गानं-बजावनंवाला?”

“तोच. त्यानं निजामाला १७२२ साली वजीर केलं. निजाम जुन्या औरंगजेबी वळणाचा. तो शिस्तीचं सांगायला लागला, खर्च तपासायला लागला. बादशहाच्या भोवतीची मंडळी कंटाळली. निजाम उठला, शिकारीचं आणि हवापालटाचं निमित्त करून दिल्लीतून निघाला, तो थेट दख्खनच्या वाटेला लागला. बादशहाच्या पोटात गोळा आला. हा तिकडं जाऊन स्वतंत्र बसला तर? उघड विरोध करायची छाती नाही. मग गुपचूप मुबारिजखानाला निरोप धाडला: दख्खनची सुभेदारी तुला देतो, याला आवर.”

“म्हंजे दोघाईले एकच खुर्ची देली!”

“एकाच्या हातात होती, दुसऱ्याच्या कागदावर होती.”

“असं आमच्या सोसायटीत झालतं बापा. राहू द्या, भित्तीले कान राह्यतेत, आपल्या कुंपनाले तर भोकंच हायेत. पुढं?”

“मुबारिज हैदराबादेहून फौज घेऊन औरंगाबादच्या रोखानं निघाला. निजामानं आधी समजुतीची पत्रं लिहिली. आपण दोघं एकाच मुलखातले, मुसलमानांचं रक्त कशाला सांडायचं वगैरे. मुबारिजानं ऐकलं नाही. त्याच्याकडं बादशहाचा कागद होता ना.”

“कागदावर जीव देला म्हना.”

“पण निजामाकडं दुसरं काही होतं. बाजीराव पेशवा.”

“आपला बाजीराव? निजामाच्या बाजूनं?”

वहिनींनी असं पाहिलं की जणू बाजीरावाला मीच तिकडं पाठवलं होतं.

“दोघांची ओळख जुनी. १७२१ च्या जानेवारीत चिखलठाणला भेटले होते. १७२४ च्या मे महिन्यात माळव्यात धारजवळ नालछ्याला पुन्हा भेटले. आणि ऑक्टोबरात साखरखेर्ड्याला बाजीराव निजामाच्या मदतीला होता. लढाईनंतर निजामानं त्याला वस्त्रं, जवाहीर, हत्ती आणि सात हजारी मनसब दिल्याचं सांगतात.”

“पन काऊन? निजाम काय पाव्हना होता?”

“हिशेब होता. १७१९ साली दिल्लीनं दख्खनच्या सहाही सुभ्यांच्या चौथाईची सनद छत्रपती शाहूंना दिली होती. त्यात हैदराबाद आलंच. मुबारिजखान तिथं बसून म्हणायचा, सनद असेल तुमच्याकडं, पैसा मी देत नाही. मराठ्यांच्या तुकड्या गेल्या की लढायचा. मग असा माणूस हललेला बाजीरावाला नको का?”

“हं. दुश्मनाचा दुश्मन.”

“आणि तोही तेवढ्यापुरता. चारच वर्षं आधी, १७२० ला, आपल्या अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरला याच निजामाची लढाई झाली, तेव्हा मराठे त्याच्या विरोधात होते. चार वर्षांनी त्याच्या बाजूला. पुन्हा चार वर्षांनी, १७२८ च्या फेब्रुवारीत, पालखेडला बाजीरावानं निजामाला पाण्यावाचून कोंडला आणि मुंगी-शेवगावला तहावर आणला.”

“बाळापूर, साखरखेर्डा, पालखेड. चार-चार सालानं. आपल्या निवडनुकीवानी.”

मी हसलो, ही तुलना मला सुचली नव्हती.

“इथं काय झालं ते तर सांगा. कोन मेलं?”

“मुबारिजखान मेला. हत्तीवरून लढत होता. त्याचे दोन मुलगेही त्याच दिवशी पडले. आणखी एक मुलगा ख्वाजा अहमद, हैदराबादला होता. तो गोवळकोंड्याचा किल्ला अडवून बसला. निजामानं तोफा डागत बसण्यापेक्षा बोलणी केली आणि त्याला मानमरातब देऊन किल्ला घेतला.”

“बाप मारला अन् पोराले नोकरी देली!”

“तेव्हाची रीतच ती. खरी गंमत पुढं आहे. निजामानं मुबारिजचं मुंडकं दिल्लीला पाठवलं. सोबत पत्र: जहाँपनाह, आपल्याविरुद्ध उठलेला बंडखोर मारला, मुबारक असो.”

वहिनी क्षणभर गप्प. मग खुदकन हसल्या, आणि लगेच पदर तोंडाला लावला, कारण मुंडक्यावर हसणं बरं नव्हे.

“अन् तो रंगीला काय म्हने?”

“काय म्हणणार? मी पाठवला होता, असं कोणत्या तोंडानं म्हणेल? पुढच्याच वर्षी, १७२५ ला, त्यानं निजामाला आसफजाह ही पदवी आणि दख्खनची सुभेदारी दिली. हैदराबादची निजामशाही इथून मोजतात, ती थेट १९४८ पर्यंत. तिचा पाया आपल्या शिवारात घातला गेला. निजामानं गावाचं नावही बदललं, फतेहखेर्डा. इंग्रजांच्या जुन्या दप्तरातही ते सापडतं.”

“आमी तर कधी म्हनलं नाई बापा.”

“कोणीच म्हणत नव्हतं. पलसिद्ध स्वामींचा मठ साखरखेर्ड्याचा, प्रल्हाद महाराज साखरखेर्ड्याचे.”

वहिनींनी महाराजांच्या नावाला हात जोडले आणि सूप परत उचललं. मूग दोनदा उडाले, तिसऱ्यांदा थांबले.

“ते बल्ख का काय म्हनलं, तिथले लोक असेच का? दुसऱ्याच्या राज्यात मोठे होनारे?”

“फार जुनी खोड आहे ती. अडीच हजार वर्षांपूर्वी इराणात मोठं साम्राज्य होतं. बल्खच्या मुलखाला तेव्हा बॅक्ट्रिया म्हणायचे. त्या साम्राज्यातला हा तालेवार सुभा. तिथला सुभेदार म्हणजे बहुधा राजाचा भाऊ नाहीतर मुलगा. तिथले घोडेस्वार नावाजलेले. झर्क्सिस नावाचा बादशहा होता, त्याचा भाऊ मसिस्तेस तिथं सुभेदार होता. त्याची कथा हेरोडोटस नावाच्या ग्रीकानं सांगितलीये. सांगू का? जरा वाईट आहे.”

“वाईट असन तर पयले सांगा.”

“झर्क्सिसची नजर भावजयीवर गेली. ती बधली नाही. मग त्यानं तिची मुलगी आपल्या मुलाला करून घेतली, म्हणजे घरोबा वाढेल. सून घरात आली आणि याचं मन भावजयीवरून उडालं, सुनेवरच बसलं.”

“शी! माय माय माय!” असं म्हणत वहिनी कुंपणाच्या आणखी जवळ आल्या.

“राणीनं, अमेस्त्रिस तिचं नाव, नवऱ्यासाठी स्वतःच्या हातानं एक रंगीत झगा विणला होता. तो घालून हा सुनेकडं गेला. खुशीत म्हणाला, माग काय मागायचं ते. ती म्हणाली, हा झगा. त्यानं शहरं देतो म्हटलं, सोनं देतो म्हटलं, फौज देतो म्हटलं. तिला झगाच हवा. दिला, आणि ती तो मिरवत फिरली.”

“राणीले कळलं!”

“कळणारच. पण राणीनं सुनेला धरलं नाही, तिच्या आईला धरलं. सगळं त्या आईनंच केलं म्हणाली. बादशहाच्या वाढदिवसाच्या जेवणाला मागितलेलं नाकारायचं नाही अशी रीत होती. त्या दिवशी तिनं भावजयच मागून घेतली आणि तिचे नाक-कान कापून घरी पाठवली.”

“जिनं काई केलं नाई तिले!” वहिनी आता खरंच चिडल्या. “अन् नवरा?”

“मसिस्तेस पोरांना घेऊन बल्खकडं निघाला. तिथं लोक त्याला मानत. पोचला असता तर सुभा उठवला असता. वाटेतच बादशहाच्या फौजेनं गाठून मारला.”

“पाहा. खुर्ची मोठी, पन खुर्चीवरून उतरायले घरी जाता येत नाई.”

“दीडशे वर्षांनी बेसस नावाचा बल्खचा सुभेदार झाला. सिकंदर मागं लागलेला असताना त्यानं आपल्याच बादशहाला, तिसऱ्या दारियसला, मारला आणि स्वतः बादशहा म्हणवून घेतलं. सिकंदरानं वर्षभरात धरला. त्याचेही नाक-कान कापले, मग मारला.”

“तिथं नाक-कानाचं लय दिसते.”

“आणि ‘अरेबियन नाइट्स’मधला जाफर वजीर ठाऊक आहे? तोही बल्खच्याच घराण्यातला. पूर्वज तिथल्या नवविहार नावाच्या बौद्ध विहाराचे मुख्य. पुढं घराणं मुसलमान झालं, बगदादला खलिफांचं वजीरपद सांभाळू लागलं. इतकं वाढलं की खलिफा हारून अल-रशीदलाच खुपायला लागलं. ८०३ साली एका रात्रीत त्यानं जाफरला मारला आणि मुंडकं पुलावर टांगलं.”

वहिनींनी बोटं मोडली. “मसिस्तेस, बेसस, जाफर, मुबारिज. चार. गुरुजी, आमच्या पोराले बाहेर नोकरी लागली तर बल्खले पाठवनार नाई म्हना. पन इतक्या सुबेदारायमंदी एकही धड निंगाला नाई का?”

निघाला होता. मी तोच शेवटी ठेवला होता.

“त्याचं नाव अखवमज़्दा. बल्खचा सुभेदार, झर्क्सिसच्या सव्वाशे वर्षांनंतरचा. त्याच्या हाताखाली खुल्म गावाला बगवंत नावाचा अंमलदार होता. या दोघांचा पत्रव्यवहार चामड्यावर लिहिलेला सापडलाय, आरमाईक लिपीत. आता लंडनला एका संग्रहात आहे, २०१२ साली छापला गेला.”

“भगवंतराव काय करे?”

“भगवंतराव काही साधा नव्हता. सरकारी उंट राखणाऱ्यानं त्याच्याविरुद्ध वर अर्ज केलेला आहे, की हा नसते कर घेतो, आमच्या माणसांना अडकवतो. सुभेदारानं त्याला झाडलंय. पण एक पत्र निराळं आहे, इसवी सनापूर्वी ३४८ चं. सुभेदाराचा हुकूम होता की अमुक गावाभोवती तट बांध, फौज लाव. बगवंतानं कळवलं, टोळधाड आलीय, पीक कापायला आलंय, माणसं भिंतीवर लावली तर सगळं जाईल. आणि सुभेदारानं काय उत्तर दिलं माहिती?”

“थांबा, मी सांगते. म्हनला असन, आधी भित, मंग पीक.”

“नाही. म्हणाला, माणसांना सोड, आधी पीक काढू दे. भिंत पुढं वेळ आली की बांध.”

वहिनींनी सूप पुन्हा खाली ठेवलं. या खेपी त्यात मूग तसेच होते.

“खरं?”

“चामड्यावर आहे.”

“मंग मले सांगा. तुमचा तो निजाम अन् तो मुबारिजखान ऑक्टोबरात इथं आले. ऑक्टोबरात आपल्या रानात काय राह्यते? ज्वारी उभी, कापूस फुटाले आलेला. हत्ती घोडे त्याच्यातूनच गेले असतीन ना? कोनी इचारलं का पाटलाले, की बापा, चार दिस थांबू का?”

“मी वाचलेल्या हकिगतींत तरी नाही. हत्ती मोजलेत, सरदार मोजलेत. कोणाची मनसब किती, तीही मोजलीय.”

“अन् तुमी मले दोन घंट्यापासून इचारून राहिले की साहेब कुठला, समरकंदचा का बल्खचा! कुठला का असेना. मुबारिज बल्खचा, हा भित थांबवनाराही बल्खच्याच खुर्चीवरचा. कुठून आला याच्यानं काय होते? आल्यावर पयलं काय इचारते, ते पाहाचं.”

मला वाटलं, आता गप्पा संपल्या. पण वहिनींनी पदर खोचला.

“गुरुजी, आपल्या खालच्या वावरातल्या सोयाबीनचा पंचनामा अजून झाला नाई. नव्या साहेबाले उद्या अर्ज द्याचा हाये. तुमीच लिहा. अन् त्याच्यात त्या टोळाच्या चिठ्ठीचं घाला.”

“अहो, सरकारी अर्जात बल्खच्या सुभेदाराचा दाखला?”

“काऊन नाई? जुना दाखला हाये, कामाचा हाये. अन् तारीख टाकजा बरं, तीनशे अठ्ठेचाळीस. साहेब लोकं दुसऱ्या कायलेच भेत नाईत, तारखेले भेतेत.”